नायना म्हणाले होते, खिडक्या उघडा

नायना,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. तुम्ही गाव सोडून कुठे गेलात कधी? घर, घरामागचा कारखाना, आणि मागाचा एखादा भाग मोडला की सायकलवरून सात रस्ता चौकापर्यंत, एवढीच तुमची दुनिया. घरात आपण सगळे तेलुगू बोलायचो, म्हणून वडिलांना नायना; पण मला लिहिता येतं ते मराठी, कारण शाळा मराठी होती. तुम्हाला दोन्हींतलं एकही अक्षर वाचता यायचं नाही. म्हणजे तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच तुमच्यासमोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दुसऱ्याच ओळीला तुम्ही म्हणाला असतात, "पाल्हाळ नको, मुद्द्यावर ये." तर मुद्दा असा आहे की यंदाच्या उन्हाळ्यात मी तुमच्या नावावर एक खोटं बोलले. धाकट्याशी, माझ्या भावाशी बोलले. त्याच्या जिवासाठी बोलले, त्यामुळे त्या खोट्याचं मला फार वाईट वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतंय, आणि ते कुणाला सांगावं कळेना म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

खिडक्यांपासून सांगते. आपला कारखाना म्हणजे नावाला कारखाना. घरामागची एक लांबट खोली, वर पत्रा, आत टॉवेलचे माग, आणि पश्चिमेच्या भिंतीला तीन खिडक्या. होळी झाली की तुम्ही त्या खिडक्या लावून घ्यायचात आणि आतून ओलं गोणपाट टांगायचात. दिवसातून कितीदा तरी जमिनीवर पाणी शिंपडायचात. कामाला नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, वा, मालक आपल्याला गारवा देतोय. गारवा कसला! ते सगळं सुतासाठी होतं. उन्हाळ्याचं कोरडं वारं लागलं की सूत कडक होतं आणि मागावर पटापटा तुटतं. एक तार तुटली की माग थांबवा, तार शोधा, गाठ मारा, परत चालवा. खोली बंद आणि ओली राहिली तर सूत मऊ राहतं आणि माग चालत राहतो. तिकडे ओसरीवर अम्मा विड्या वळायची, तिची पानंही ओल्या फडक्यात गुंडाळलेली, कारण कोरडं पान वळताना फाटतं. आपल्या घरात सुताला ओल, पानाला ओल, आणि माणसांनी आपापल्या घामावर भागवायचं. हे मी एकदा तुम्हाला तोंडावर म्हणाले होते आणि तुम्ही अजिबात हसला नव्हतात.

एक दुपार आठवते. मी आठ-नऊ वर्षांची आहे. तुम्ही जेवायला घरात गेला आहात, पलीकडच्या टोकाला मागावर एक माणूस उभा आहे, आणि मी कोपऱ्यात बसून कांड्या भरते आहे. मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसतात त्या बारक्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं, हे घरातल्या पोरीबाळींचंच काम. अंगाला फ्रॉक चिकटलाय. मागांच्या खडखडाटात मी उठते, माझ्या डोक्यावरच्या खिडकीचं गोणपाट बाजूला करते आणि एक दार हातभर उघडते. वारा गरमच होता, पण वारा होता. मी डोळे मिटून उभी राहिले. थोड्या वेळानं जवळच्या मागावर तार तुटली, मग दुसरी, मग तो माणूस ओरडला आणि तुम्ही तोंडातला घास तसाच ठेवून धावत आलात. तुम्ही आधी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं. मला वाटलं आता पाठीत बसणार. तुम्ही खिडकी लावलीत, माझा हात धरून मला मागासमोर उभं केलंत आणि म्हणालात, "आता जोड." मला कुठे येत होतं जोडायला? मग तुम्ही मागे उभे राहून माझी बोटं धरून गाठ शिकवलीत, ती आपली बारीक गाठ, जी कापडात दिसत नाही. दिवेलागणीपर्यंत त्या मागावर तुटेल ती तार मी जोडत होते. नंतर गल्लीत गारेगारवाला आला तेव्हा तुम्ही बर्फाची एक कांडी माझ्या हातात दिलीत आणि आत गेलात. मुलींना मागाला हात लावू देत नसत तेव्हा. मला शिक्षा म्हणून का होईना तुम्ही ते दिलंत, आणि पुढे धाकटा मोठा झाला तेव्हा त्याला ती गाठ मीच शिकवली. गाठीबरोबर दुसरी गोष्टही शिकवली. खिडकीला हात लावायचा नाही, नायना रागावतात.

आणि तुमचं चुकत होतं असं नाही, हीच तर पंचाईत आहे. तुमचे उन्हाळे तसे सरळ होते. ऊन रणरणतं, पण कोरडं. सकाळी ताकातली अंबील कांद्याबरोबर पोटभर प्यायची, मग कारखान्यात शिरायचं, आणि संध्याकाळी बाहेर आलं की अंगावरचा घाम दोन मिनिटांत वाळून त्याचं मीठ व्हायचं. रात्री आपण सगळे गच्चीवर. पहाटे असा गारठा सुटायचा की उशाची चादर ओढून घ्यावी लागायची. तुम्ही अर्धवट झोपेत उठून आम्हा दोघांच्या अंगावर चादर नीट करायचात. मी जागी असायचे पण झोपेचं सोंग घ्यायचे. दिवसभर जे शिजलेलं असायचं ते रात्रीत निवायचं. पत्रा निवायचा, भिंती निवायच्या, माणसं निवायची. सकाळी परत सगळं नव्यानं सुरू. त्या हिशेबात तुमच्या बंद खिडक्या बरोबर बसायच्या.

तुम्ही गेलात ते ऐन थंडीत, छातीच्या दुखण्यानं. कारखाना धाकट्याकडे आला आणि त्याच्याबरोबर तुम्हीही त्याच्याकडे आलात. तुमचा फोटो त्यानं पहिल्या मागासमोर लावला आहे, रोज उदबत्ती असते. ताण्याचं सूत बीमवर गुंडाळायचं तर नायना असं गुंडाळायचे, सुताला खळ लावायची तर नायना अशी लावायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचं तर नायना एवढंच बोलायचे. जिवंत होतात तेव्हा तुमचं अर्धं बोलणं त्याच्या डोक्यावरून जायचं, आणि गेल्यावर तुमचा शब्द न् शब्द त्याला पाठ! मी त्याला म्हणायचे, तू विणकर कसला, तू पुराणिक, आपल्या नायनांचं पुराण सांगतोस. माझं लग्न दोन गल्ल्या सोडून झालेलं, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून मी परत कांड्या भरायला इथेच येते, तेव्हा रोज त्याची टिंगल करायला मी हजर. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणायचात, हिला सासू भेटेल तेव्हा कळेल. सासू बिचारी गरीब निघाली, सगळं धाकट्याच्या वाट्याला आलं. तो कधी चिडला नाही. हसायचा, मान खाली घालून आपलं काम करायचा.

हवा नेमकी कधी बदलली ते मला सांगता येणार नाही. एक दिवस बदलत नाही ती. आधी गच्चीवरची चादर लागेनाशी झाली. मग गच्चीवर झोपणंच बंद झालं, कारण रात्री जेवणं उरकली तरी पत्र्याला हात लावला की चटका बसतो आणि भिंतीतून पहाटेपर्यंत वाफ येते. मग चैत्र-वैशाखात ढग यायला लागले. दुपारी आभाळ भरतं, कधी गारा पडतात, कधी नुसताच अर्धा तास पाऊस, आणि त्यानंतर जी घुसमट होते ती विचारू नका. सोलापूरचा उन्हाळा आणि घाम वाळत नाही, असं तुम्ही कधी ऐकलं होतं? माझ्या शेजारी कांड्या भरायला मंगळवेढ्याची एक बाई येते, माझ्याच वयाची, मी तिला मावशी म्हणते आणि ती मला आक्का. तिच्या भावाची तिकडे काळी जमीन आहे, ज्वारीची. एका साली पाऊस लांबला, त्याचं ती पुढच्या उन्हाळ्यात सांगत होती, "आक्का, रानात पाय घातला की गुडघ्यापतूर जातोय. पेरनीला वाफसाच न्हाय. पेरली ती बी उशिरा, अन् मग थंडीच पडंना की. थंडी न्हाय तर कनीस भरनार कुटनं?" मग ओल्या जमिनीवर पाय आखडून बसत म्हणाली, "तितं बी चिखल अन् हितं बी चिखल. हितं तर मानसानं केलेला." हे ती धाकट्याला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाली. धाकटा पाण्याचा डबा घेऊन शिंपडत फिरत होता.

कारण त्यानं तुमचं काहीच सोडलं नव्हतं. खिडक्या बंद, गोणपाट ओलं, जमीन ओली. बाहेर हवाच दमट, आत आणखी पाणी. पंखा लावला तर सुताची लव उडून तारांवर बसते म्हणून पंखाही मागांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून. दोन उन्हाळ्यांमागे एका दुपारी मला मागाचा आवाज वेगळा वाटला. बघते तर धोटा रिकामा पळतोय, सूत संपलंय, आणि धाकटा मागाला धरून उभा आहे. मी हाक मारली तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं जणू मी कोण हे आठवतोय. अंग तापलेलं, आणि बोलणं बरळल्यासारखं. "अक्का, गोणपाट वाळलं," म्हणाला आणि खाली बसला. मावशीनं आणि मी त्याला ओढत ओसरीवर आणलं, डोक्यावर पाणी ओतलं, भावजय रिक्षा आणायला धावली. नायना, मी तुमच्यानंतर देवाचं फारसं केलं नाही, पण त्या रिक्षात मी सगळे देव पाण्यात ठेवले.

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. मग समोर बसवून तिनं नीट समजावलं. घाम येतो तो वाळला तर अंग गार होतं. तुमच्या खोलीत हवा ओली, वारा शून्य, घाम वाळणार कुठे? वर तुम्ही पाणी पीत नाही. ते खरंच होतं, लघवीला जायला माग थांबवावा लागतो म्हणून तो दिवसभर पाणी टाळायचा, तुम्हीही टाळायचात. ती म्हणाली, "काका, तुम्ही स्वतःलाच वाफवून काढताय. खिडक्या उघडा, दुपारी काम बंद ठेवा." धाकटा म्हणाला, "पण मॅडम, सूत तुटतं." ती म्हणाली, "सुताला आणलं नाहीये ना इथे, तुम्हाला आणलंय." मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात धरला. घरी येईपर्यंत मी तेच वाक्य त्याला ऐकवत होते. तो रिक्षातून बाहेर बघत बसला होता. मला वाटलं थकलाय.

दहा-बारा दिवसांनी तो परत कारखान्यात उभा राहिला, आणि खिडक्या बंद. मी भांडले. म्हणाले, डॉक्टरनं काय सांगितलं? म्हणाला, "नायनांनी जन्म काढला या खोलीत. त्यांना कुठे काय झालं?" मी म्हणाले, नायनांनी नायनांच्या उन्हाळ्यात काढला. पालथ्या घड्यावर पाणी. ऊन कमी लागावं म्हणून पत्र्याला वरून चुना मारू म्हणाले, तेवढा मात्र त्यानं मारू दिला, कारण चुन्याबद्दल तुम्ही काही म्हणून ठेवलेलं नव्हतं! मी चिडून एकदा म्हणालेही, "तुला उन्हाचा त्रास होतो असं सरळ सांग ना, नायनांच्या धोतरामागे कशाला लपतोस?" हे मी मावशीसमोर म्हणाले. म्हणायला नको होतं असं तेव्हा वाटलं नाही.

गेल्या वर्षीचा उन्हाळा असाच गेला. तो पडला नाही, पण सुकत गेला. पाय सुजायचे, जेवण जाईना, रात्री पोटऱ्यांत गोळे. पावसाळ्यात रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीण या वेळी काही विनोद न करता म्हणाली की किडन्यांना इजा झाली आहे, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपायचं. आणि आणखी एक असा उन्हाळा त्या खोलीत काढला तर पुढचं ती सांगू शकत नाही. भावजय तिथेच रडायला लागली. मला तुमचा भयंकर राग आला, नायना. फोटोसमोर जाऊन मी तुम्हाला तेलुगूत काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुमचा काय दोष? तुम्ही सुताबद्दल जे खरं होतं ते सांगितलंत. पण राग कुणावर तरी काढायचा असतो, आणि तुम्ही उलट बोलणार नव्हतात.

यंदा होळी झाली आणि त्यानं गोणपाट धुवायला काढलं. मी ओसरीवर बसून डोळे पुसत होते, तर मावशी जवळ येऊन बसली. म्हणाली, "आक्का, तुमी त्येला आपलं म्हननं सांगताय. डाक्तरीन तिचं म्हननं सांगतीय. त्यो कुनाचं ऐकतो? सोताच्या बापाचं. मग बापालाच बोलवा की."

"बाप गेला त्याला किती वर्षं झाली, मावशी."

"तेच तर बरं हाय. जित्ता मानूस, 'मी असं म्हनलो न्हाय' म्हनंल. मेलेला काय म्हनतोय?"

तेही खरंच, असं म्हणून मी उठले. आता तुमच्या तोंडी काय घालायचं ते ठरवायला मला बराच वेळ लागला. आधी मी एक छान वाक्य तयार केलं, तुटलेलं सूत जोडता येतं पण माणूस जोडता येत नाही, असं काहीतरी. मनातल्या मनात तुमच्या आवाजात म्हणून बघितलं तर मलाच लाज वाटली. तुम्ही नाटकातले बाप नव्हतात. तुम्ही सुतापलीकडे बोलला नसतात. म्हणून मी सुताचंच खोटं केलं. धाकटा मागाला तेल देत होता, तिथे जाऊन म्हणाले, "अरे, एक आठवलं. शेवटच्या दुखण्यात मी नायनांचे पाय चोळत होते, तेव्हा ते म्हणाले होते. उन्हाळ्यात ढग यायला लागले तर खिडक्या उघड्या टाका. ढगाळ हवेत सूत आपलं आपण ओल धरतं."

त्याचा तेलाचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, फोटोकडेही नाही. मला वाटलं, झालं, पकडलं यानं. मग तो सावकाश म्हणाला, "हो. मलाही म्हणाले होते."

मी ओठ घट्ट दाबून धरले. हसू येत होतं आणि रडूही. बिचाऱ्याला इतकी भक्ती की न बोललेलंही आठवतंय, असं मला वाटलं. मी तशीच ओसरीवर आले आणि मावशीला डोळ्यांनीच सांगितलं, काम झालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खिडक्या उघडल्या. सोपं नव्हतं ते; धाकट्यानं त्या बारमाही बंदच ठेवलेल्या, रंगावर रंग बसून दारं चौकटीला चिकटलेली, एक बिजागरी तर हातातच आली. पश्चिमेचा उजेड आत आला तेव्हा कळलं की आपल्या कारखान्याच्या भिंती मुळात निळ्या होत्या. सूत तुटलं. तुम्ही म्हणायचात तसंच तुटलं, ढगाळ दिवशी थोडं कमी, कोरड्या दिवशी पटापटा. धाकटा एकेक तार जोडत राहिला. मग चारेक दिवसांनी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना खिडक्या उघड्या दिसल्या तेव्हा मी विचारलं, तर म्हणाला, "नायना ढगाचं म्हणाले होते, पण धगीचंही तेच की." पुढच्या आठवड्यात जेवणवेळेला त्यानं सगळे माग बंद केले आणि ऊन कलेपर्यंत चालू करायचे नाहीत म्हणाला. "का रे?" तर, "दुपारी माग चालवू नका असंही नायना म्हणाले होते." पाण्याची कळशी मागाशेजारी आली. तीही तुम्ही सांगितली होती म्हणे! माझ्या एका खोट्यावर त्यानं स्वतःची तीन-चार चढवली, आणि मी येडी, तोंडात बोट घालून बघत बसले की याला एवढं सगळं आठवतंय कसं.

परवा दुपारी माग बंद होते. मावशी गावाला गेलेली. उघड्या खिडकीखाली आम्ही दोघंच. तो सकाळी तुटलेल्या तारा शोधून जोडत होता आणि मी त्याला पलीकडून टोकं देत होते. मी सहज विचारलं, "खरं सांग, दुपारचं ते नायना तुला कधी म्हणाले?"

"तुला ढगाचं कधी म्हणाले?" तो म्हणाला.

त्यानं दोन तारा जोडल्या. मग मान वर न करता बोलायला लागला. "दवाखान्यातून आलो ना पहिल्यांदा, तेव्हाच माझ्या मनात होतं अक्का. मला होत नव्हतं त्या खोलीत. पण मीच खिडक्या उघडल्या तर नायनांचं मोडल्यासारखं होईल. म्हणून मी ठरवलं होतं, तुला सांगायचं की नायना स्वप्नात आले आणि 'खिडक्या उघड' म्हणाले. घरी हिला सांगितलंही होतं मी. ही म्हणाली, जा, अक्कांना सांगा, त्या मोठ्या आहेत, त्या हो म्हणाल्या की झालं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो थोडा हसला, नेहमीसारखाच, मान खाली घालून. "तू हसली असतीस," म्हणाला.

मी म्हणाले, वेडा आहेस का, असल्या गोष्टीला कुणी हसतं का? तो म्हणाला, "नाही, बरोबर आहे," आणि पुढची तार मागितली. माझ्या बोटांना टोक सापडेना. दोन उन्हाळे, नायना. जे त्याच्या किडन्यांतून गेलं ते या दोन उन्हाळ्यांत गेलं, आणि त्या दोन्ही उन्हाळ्यांत आम्ही एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर बसून, एकच खोटं बोलायला थांबलो होतो. त्याला तुमची परवानगी नकोच होती. त्याला फक्त कुणीतरी न हसता ऐकून घ्यायला हवं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि धाकट्याला तर मुळीच दाखवायचं नाही. 'कुणी हसतं का' हे त्याच्याशी मी खोटं बोलले, तुमच्याशी खोटं बोलून काय करू? मी हसले असते. पोट धरून हसले असते, आणि मावशीला बोलावून परत एकदा त्याच्याकडून वदवून घेतलं असतं.